दाराच्या पोटातली दांडी

१२ जानेवारी

चि. टिचकीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर लिहायला बसलो की मामी आठवते. मी लिहीत असताना ती खांद्यावरून वाकून बघायची, आणि शेवटी माझेही आशीर्वाद लिहा म्हणून सांगायची. आता कोणी वाकत नाही, त्यामुळे ओळी सरळ येतात. सरळ ओळींची मला सवय नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवरचं बोलणं हवेत जातं. कागद कसा, उलटून बघता येतो. आम्हा भंगारवाल्यांना वस्तू उलटून बघितल्याशिवाय तिची खरी ओळख पटत नाही.

गेल्या आठवड्यापासून यार्डात जायला लागलो. आमची मोडलेली गाडी मी विमावाल्यांकडून परत घेतली आणि वजनकाट्याशेजारी उभी केली आहे. गॅसकटरवाला रोज विचारतो की कापायची का. मी नाही म्हणतो. आम्हाला धडकलेला तो पाववाल्या गाडीचा ड्रायव्हर अजून दर आठवड्याला येतो, रडतो आणि पावाची पिशवी ठेवून जातो. सिग्नल त्यानं तोडला हे खरं, पण त्याच्यावर माझा राग टिकत नाही. त्याचा पाय ब्रेकवर होता. धडक बसली तेव्हा त्याची गाडी ताशी चाळीससुद्धा नव्हती. मी स्टिअरिंगवर होतो, माझं कोपर खरचटलं. आणि हातभर अंतरावर मामीच्या बाजूचं दार वहीच्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. हे मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही झोपू देईना.

म्हणून काल मी टिचकी मारली. तुला आठवत असेल, फ्रॉक घालायचीस तेव्हा यार्डात येऊन तू प्रत्येक गाडीला टिचकी मारत फिरायचीस आणि कुठे पुट्टी भरली आहे ते माझ्याआधी ओळखायचीस. तुझं नाव त्यावरून पडलं. आमच्या गाडीच्या चांगल्या बाजूच्या दाराला टिचकी मारली, तर आवाज आला ठण्ण. रिकाम्या डब्याचा. मग मागच्या रांगेत गेलो. तुमच्या कंपनीत आपटून बघितलेल्या गाड्या मोडायला माझ्याकडेच येतात, तू नोकरीला लागायच्या आधीपासून. त्यांत आमच्याच मॉडेलची एक होती, रंगही तोच. तिच्या धडधाकट दाराला टिचकी मारली. ठप्प. भरलेल्या डब्याचा.

दोन्ही दारं काट्यावर ठेवली. काटेवाल्या बाईनं वजन दोनदा घेतलं. चाचणीच्या गाडीचं दार एकवीस किलो चारशे, आमचं एकोणीस किलो शंभर. काच तीच, कडी तीच. मग दोन्ही उघडली. चाचणीच्या दारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोलादी दांडी आहे. आमच्या दारात ती दांडी बसायच्या दोन बैठकी आहेत. रिकाम्या.

म्हणजे आपटायला एक दार आणि गिऱ्हाइकाला दुसरं. हे आपोआप होत नाही, पोरी. कोणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. मला त्याचं नाव हवंय. तीस वर्षं मी गाड्या मोडतोय. आधी काचा काढायच्या, मग बोल्ट सैल करायचे, मग सांगाडा आपोआप खाली बसतो. माणसाला हीच पद्धत लागू पडते का ते बघायचं आहे. घाई नाही मला. तू त्याच इमारतीत बसतेस, जरा कान उघडे ठेव.

तब्येतीला जप. या भंगारवाल्यावर माया आहे ती असू दे.

तुझा,
मामा


२० जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तुम्ही पुन्हा यार्डात जायला लागलात हे वाचून आईला बरं वाटलं. तिनं विचारलंय की जाड तळाचे बूट घालता की पूर्वीसारख्या चपला घालून खिळ्यांतून हिंडता. साखर तपासलीत का, हेही तिचंच.

तुमचा राग मला कळतो. पण गाडी कशी बनते हे थोडं सांगते, म्हणजे तुम्ही सगळ्यांना एकाच दोरीनं बांधणार नाही. गाडी जितकी जड तितकं पेट्रोल जास्त पिणार. मायलेजचा हिरवा शिक्का मिळवायचा तर गाडी वजनाच्या ठरलेल्या गटात बसावी लागते. आमच्या मजल्यावर एक फळा आहे. घरात आजारी माणसाचा ताप लिहून ठेवावा तसं त्यावर रोज सकाळी नव्या गाडीचं वजन लिहितात. तुमच्या मॉडेलच्या वेळी गाडी गटाच्या वर नऊ किलोंनी अडली होती आणि महिनाभर उतरत नव्हती. त्या फळ्यासमोरून जाताना माणसं मान खाली घालायची.

आणि हलकी गाडी म्हणजे कच्ची गाडी, असं नसतं मामा. चांगल्या प्रतीचं पोलाद नेमक्या जागी लावलं तर हलकी गाडीसुद्धा माणसाला सांभाळते. उलट फार जड गाडी आपल्या माणसांना वाचवताना समोरच्याला चिरडते. रस्त्यावर सगळेच जड झाले तर कोणीच वाचत नाही आणि पेट्रोल मात्र सगळ्यांचं जळतं. प्रश्न किती काढलं याचा नसतो, कुठून काढलं याचा असतो. दारांतला फरक कदाचित वेगवेगळ्या महिन्यांत बनलेल्या गाड्यांचा असेल.

एक विनंती आहे. चाचणीच्या गाड्या दहा दिवसांत पूर्ण चेपायच्या असं तुमच्या कंत्राटात आहे. मग ते दार अजून तुमच्याकडे कसं? आमचे साहेब या बाबतीत फार कडक आहेत. कृपा करून चेपून टाका. मामी परत येणार नाही, आणि यार्डही जाईल. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नका, घरच्या पत्त्यावर पाठवा.

आई नमस्कार सांगते. लहानपणापासून करत आलात तसं सांभाळून घ्या.

आपली,
टिचकी


४ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे उलटूनही बघितलं. वजनावर दीड पान लिहिलंस, छान लिहिलंस, गॅसकटरवाल्याला वाचून दाखवलं तर त्यालाही समजलं. पण मी विचारलं होतं दांडीबद्दल, आणि तुझ्या अख्ख्या पत्रात दांडी हा शब्द एकदाही नाही. पोलाद आहे, पेट्रोल आहे, माझे बूटसुद्धा आहेत.

शाळा सोडली तेव्हा मी भागाकारापर्यंत आलो होतो. नऊ किलो, दारं चार. एका दारामागे सव्वादोन, आणि आमच्या काट्यावरचा फरक दोन किलो तीनशे. तुमचे नऊ किलो कुठून गेले ते तूच मला सांगितलंस, न सांगता. बाकीच्या यार्डांतूनही याच मॉडेलची नऊ दारं गोळा केली. नवाच्या नऊ ठण्ण. काटेवाल्या बाईनं प्रत्येकाची वजनाची चिठ्ठी फाडून त्या दारालाच चिकटवली आहे. ती म्हणते की दवाखान्यात बाळाच्या पायाला चिठ्ठी बांधतात तसं दिसतंय.

आता माझी चोरी सांगतो. चाचणीची गाडी चेपली असा दाखला मी दर वेळी सही करून देतो, पण सरळ दार माझ्याच्यानं चेपवत नाही. ज्या बाजूनं आपटलं नाही तिकडची दारं मी उतरवून मागच्या रांगेत उभी करतो. काही दुरुस्तीवाल्यांना विकलीही. हातानं सुरुवात केलेल्या माणसाला चांगली वस्तू लगद्यात घालताना जीव जातो. मामी यावरून मला किती बोलायची, तुला माहीत आहे. आज तीच खोड कामाला आली. माझ्याकडे या मॉडेलची अकरा चाचणीची दारं आहेत. ती बाहेर काढली तर माझे खोटे दाखलेही बाहेर पडतील, हे मला समजतं. समजून काढणार आहे.

कंपनीला मी दोन ओळींचं साधं पत्र टाकलं होतं की एकाच मॉडेलच्या दारांची वजनं वेगळी भरतात, तर दाखल्यावर कोणतं लिहू. त्यावर तुमचे साहेब स्वतः आले. पातळ तळाचे बूट, काजळीत पाऊल जपून टाकत होते. मी त्यांना काट्यावरूनच आत नेलं, आणि काटेवाल्या बाईनं त्यांचं वजन मोठ्यानं पुकारलं. ते हसले. मीही हसलो. चहा दिला. मोडक्या गाडीकडे बघून त्यांनी विचारलं की ही कोणाची. मी सांगितलं की माझी, आणि कोण गेलं तेही सांगितलं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले की त्यांच्या नव्या कारखान्याचं सगळं भंगार पुढची दहा वर्षं मलाच देतील, मागच्या रांगेतली दारं या आठवड्यात चेपली गेली तर. मी विचार करतो म्हटलं.

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज बारीक केला. म्हणाले की दांडी काढायचा निर्णय त्यांचा नव्हताच, खाली काम करणाऱ्या एका मुलीनं सही केली होती, तिचा कागद ते मला पाठवून देतील. दुःखी माणसाला एक नाव मिळालं की तो शांत होतो, असा त्यांचा हिशोब दिसला. मी हात जोडले. तुझं आडनाव वेगळं, माझं वेगळं. त्यांना काय ठाऊक.

तुमच्या मजल्यावर मुली किती आहेत ग?

काळजी घे. लोभ किती ठेवायचा ते तुझं उत्तर आल्यावर बघू.

तुझा,
मामा


९ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या मजल्यावर आम्ही दोघी आहोत. दुसरी रंगाचं काम बघते.

कागद यायच्या आधी माझ्याकडूनच ऐका. सही माझी आहे. नुसती सही नाही, ते नऊ किलो मीच शोधून काढले. महिनाभर फळ्यावरचा आकडा हलत नव्हता. साहेब प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन विचारायचे की आज कोण किती ग्रॅम देणार. कोणी आसनाखालचा पत्रा पातळ केला, कोणी हातोडीएवढा जॅक सुचवला. मी रात्रंदिवस आकडे मांडले आणि दारापाशी थांबले. दुसऱ्या दिवशी गाडी गटात बसली. साहेबांनी फळ्यावर वजनाच्या खाली माझं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी मी मामीला फोन करून सांगितलं होतं की आज माझं नाव फळ्यावर आलं. कशासाठी ते तिनं विचारलं नाही. माझी वाघीण, एवढंच म्हणाली.

आणि दोन महिन्यांनी नातेवाइकांच्या सवलतीत तीच गाडी मी तुम्हाला मिळवून दिली. मामीला मायलेज आवडलं होतं. एवढं मायलेज असेल तर दर महिन्याला तुला भेटायला येणार, असं ती म्हणाली होती. त्या दिवशी तुम्ही दोघं माझ्याकडेच निघाला होतात.

मला वाटलं होतं की काही होणार नाही, असं इथे लिहिणार होते. पण वाटलं होतं हे खोटं आहे. मला माहीत होतं.

तुम्हाला नाव हवं होतं ना. हे घ्या. माझ्यासाठी यार्ड घालवू नका. दारं चेपा आणि मला मोडा. काचा मीच काढून ठेवल्या आहेत.

लोभ मागायला तोंड नाही.

टिचकी


२८ जून

चि. टिचकीस,
आशीर्वाद मागाहून. आधी मजकूर.

चार महिने पत्र नाही म्हणून तुझी आई दोनदा येऊन भांडून गेली. चौकशीच्या खोलीत तू समोरच्या बाकावर होतीस, मी तुझ्याकडे बघितलं नाही, हेही तिनं ऐकलं. ऐकू दे.

सही तुझी असणार हे मला तुझ्या पत्राआधी माहीत होतं. दवाखान्याच्या पायरीवर जो आला त्यानं विचारलं, कसं झालं. तू धावत आलीस आणि पहिलं विचारलंस की कोणत्या बाजूनं लागलं. माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. तो प्रश्न माझ्या कानात तेव्हाच अडकला, अर्थ मात्र दारं उघडल्यावर लागला. मी पहिल्या पत्रात नाव विचारलं ते साहेबांचं कळावं म्हणून, आणि तू तुझं सांगतेस का ते बघावं म्हणूनही.

साहेबांनी शब्द पाळला, कागद पाठवला. खाली तुझी सही. आणि सहीच्या वर जाड काळ्या शाईनं खोडलेली एक ओळ. कोणी दुसऱ्यानं ती तशीच सोडली असती. चोरीच्या गाड्यांचे कानशीनं घासलेले नंबर वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कागद काचेवर ठेवला, खालून दिवा लावला. तुझं अक्षर आहे. या दारावर बाजूनं धडकेची चाचणी पुन्हा घेतल्याशिवाय गाडी विकू नये. खोडल्याच्या टोकाशी साहेबांची छोटी सही. एका पोरीला माझ्यापुढे टाकायच्या घाईत त्यांनी स्वतःची मान माझ्या हातात दिली.

तो कागद, मोडलेलं दार, नऊ ठण्ण, चार ठप्प, वजनाच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि माझ्या खोट्या दाखल्यांचा कबुलीजबाब, सगळं मी स्वतः टेंपोत घालून सरकारी वाहन खात्याच्या चौकशी अधिकाऱ्यांकडे नेलं. मामीनं घेतलेला सदरा घातला होता. साहेब म्हणाले की ते दुःखात बुडालेल्या माणसाचं वेड आहे. अधिकाऱ्यांनी मला त्या खोलीतल्या दोन दारांना टिचकी मारायला सांगितली. सगळ्यांनी ऐकलं. मग साहेबांनी विचारलं की या मुलीशी माझं नातं काय. मी म्हटलं, मामा. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला होता. तो तसाच खाली ठेवला. पोरी, ती ग्लास ठेवायची हालचाल मी रोज एकदा आठवतो. जेवणानंतर. चवीनं.

आता ते घरी बसले आहेत आणि त्यांच्यावर खटला उभा आहे. सगळ्या गाड्या परत बोलावून दांड्या बसवायचा हुकूम निघाला. माझा परवाना गेला, फाटकाला सील लागलं. काटेवाली बाई भाजी बाजाराच्या काट्यावर लागली. तिथे वजन पुकारताना कोणी हसत नाही म्हणते.

आता तुझं. चौकशीत त्या ओळीनं तुला वाचवलं. विरोध केला होता अशी नोंद झाली आणि नोकरीही राहिली. माझ्याकडे ती ओळ उलटी लागू होते. जिला कळलं नाही तिला मी माफ केलं असतं. तू लिहून ठेवलंस, म्हणजे तुला कळलं होतं. ओळ खोडताना बघितलीस, सही केलीस, आणि किल्ली मामीच्या हातात दिलीस. तुझ्या पत्रात ती ओळ नव्हती. का नव्हती ते मला कळलं, म्हणून हे पत्र तरी लिहितोय.

तुला मी मोडणार नाही. सोडणारही नाही. सील लागण्याआधी यार्डातलं शेवटचं काम मी माझ्या हातानं केलं. आमची गाडी पुन्हा बांधून उभी केली. मधला खांब नवा, सांधे सगळे माझे, चारही दारं चाचणीची, चारांत दांड्या. उद्या ती तुझ्या दारात उतरवतील. ती विकायची नाही, रंग बदलायचा नाही, शेजारचं आसन काढायचं नाही. रोज तीच चालवायची. आणि दर महिन्याला मला पत्रानं एकच गोष्ट कळवायची, या चार दांड्यांमुळे मायलेज किती पडलं. पेट्रोल पंपावरच्या पावतीवरून, अंदाजानं नाही. मामी ज्याच्यासाठी गेली तो आकडा मला डोळ्यांनी बघायचा आहे.

तो येईपर्यंत आशीर्वाद राखून ठेवतोय. माझ्याकडे शिल्लक भरपूर आहेत, तिचेही माझ्याकडेच आहेत.

मामा


३ डिसेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नोव्हेंबर. आठशे बारा किलोमीटर, सदतीस लिटर. लिटरला एकवीस पूर्णांक नऊ. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

कागदावर ही गाडी बावीस देते. जुलैत एकवीस आठ आली होती, तेव्हा मला वाटलं, सापडलं. ऑगस्टमध्ये चाकांत हवा नीट भरली तर बावीस एक आली, म्हणजे दांड्यांसकट कागदापेक्षा जास्त. सप्टेंबरमध्ये आईला मागे बसवून दोनदा घाट चढले, एकवीस सहा. ऑक्टोबरमध्ये रोज दहा मिनिटं लवकर निघून सावकाश चालवली, बावीस दोन. हवेचा फरक दिसतो, घाटाचा दिसतो, माझ्या पायाचा दिसतो. मागच्या आसनावर विसरलेल्या पुस्तकांच्या पिशवीचा दिसत नाही. नऊ किलोंचा फरक फक्त त्या फळ्यावर दिसत होता.

फळ्याच्या मजल्यावर मी आता नसते. परत आलेल्या गाड्यांना दांड्या बसवतात त्या शेडमध्ये बदली मागून घेतली. काल चारशे अकरावी गाडी झाली. प्रत्येक दार बंद करण्याआधी मी टिचकी मारते. शेडमधले मला हसतात, पण आता तेही मारतात.

सकाळी निघताना मामीच्या बाजूच्या दाराला मारते. ठप्प. मग गाडी सुरू करते. शेजारचं आसन जागेवर आहे.

आशीर्वाद तुमच्याकडेच राहू द्या, दोघांचेही. मागायचा हक्क आकडा सापडल्यावरचा, असं तुम्हीच ठरवलंय.

मामा, याही महिन्यात फरक सापडला नाही.

टिचकी